पाण्यातला ण

आमच्या घरात बोलणारा स्पीकर आला तो माझ्या हट्टानं. आई तेव्हा नुकतीच मंद्रूपहून आमच्याकडे राहायला आली होती. गावाकडे धाकटा भाऊ आणि भावजय दिवसभर रानात, आणि आईचे गुडघे आता रानाची वाट धरू देत नव्हते. म्हणून तिला मी जुळे सोलापुरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. आणलं खरं, पण सकाळी मी शाळेत, बायको तिच्या ऑफिसात, मुलगी कॉलेजात. घरात उरायची आई आणि टीव्ही. आणि टीव्हीतल्या बायका एकमेकींशीच भांडतात, समोर बसलेल्या माणसाला काही विचारत नाहीत. आठवडी बाजारात निम्म्या बाजाराशी बोलल्याशिवाय मेथीची जुडी न घेणारी माझी आई, संध्याकाळी मी दार उघडलं रे उघडलं की बोलायला सुरुवात करायची. मी बूट काढता काढता 'हं' म्हणायचो. नजर फोनवर असायची.

त्या बोलण्यातून सुटका करून घ्यायला मी स्पीकर आणला असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर मला राग आला असता. आईला सोबत म्हणून आणला, असंच मी सगळ्यांना सांगत होतो.

रविवारी सकाळी मुलीनं तो टीव्हीशेजारी लावला. मराठीत बोलणारा. त्याचं ठरलेलं नाव घेऊन हाक मारली की डोक्यावर निळा दिवा लागायचा आणि एक गोड बाई बोलायची, "नमस्कार, मी काय मदत करू?"

आई पदर सावरून उठूनच उभी राहिली. "कोन आलंय? च्या टाक की गं पाव्हनीला."

आम्ही तिघंही इतके हसलो की बायकोच्या डोळ्यांतून पाणी आलं. आईही हसली. मग जवळ जाऊन तिनं त्या डबीला हात लावून बघितला आणि पहिला प्रश्न विचारला. सोलापुरात राहणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न दुसरा कुठला असणार?

"आज पानी येनार हाय का?"

आमच्याकडे पाणी येणं म्हणजे नळाला पाणी येणं. ते चार-पाच दिवसांतून एकदा येतं, कधी पहाटे, कधी भलत्याच वेळी, आणि सगळ्या सोसायटीचं आयुष्य त्याच्याभोवती फिरतं.

"माफ करा, मला समजलं नाही," बाई म्हणाली.

"आगं पानी! पानी येतंय का न्हाय?"

"आज सोलापुरात पावसाची शक्यता नाही. आकाश निरभ्र राहील."

"पाऊस कुनी मागितला तुला, भवाने? नळाचं इचारतीया मी!"

त्या दिवशी दुपारपर्यंत हाच खेळ चालला. आईला एक जुनं गाणं ऐकायचं होतं. त्याचे शब्द तिला आठवत नव्हते, पण चित्र सगळं आठवत होतं. "ती न्हाय का, हिरवं पातळ नेसलेली, हिरीवर पानी शेंदतीया, आन् त्यो झाडाआड हुबा हाय. ते लाव." बाईनं पुन्हा माफी मागितली. "बरं ऱ्हाऊ दे. मालिकंतल्या त्या पोरीच्या नवऱ्याला कवा आठवनार समदं, त्ये तरी सांग." बाईनं तिसऱ्यांदा माफी मागितली. आई आमच्याकडे वळून म्हणाली, "हिला काईच म्हाईत न्हाय, पन गुनाची हाय. उलटून बोलत न्हाय."

मी मराठीचा शिक्षक आहे. न आणि ण, श आणि ष यांतल्या फरकावर माझं घर चालतं. हसत हसतच मी म्हणालो, "आई, 'पानी' म्हटलंस तर तिला कसं कळेल? पाणी म्हण. ण. जीभ वर टाळूला लाव. आणि 'येनार हाय का' नाही, 'येणार आहे का'."

आई जीभ वर लावून म्हणाली, "पा... डी."

मुलगी फोन उचलून कधी शूटिंग करायला लागली ते आईला कळलं नाही. मला कळलं होतं. आणि मुलीनं "बाबा, पानीवालं नीट आलं नाही, आवाज तुमचाच येतोय" असं कुजबुजून सांगितलं, तेव्हा मीच म्हणालो, "आई, परत एकदा विचार बघ तिला पाण्याचं. मघाशी विचारलंस तसंच." आईनं विचारलं. मग "जरा चिडून विचार" असंही मी म्हणालो. आईनं चिडूनही विचारलं. तिला वाटलं, डबी नीट चालते का ते आम्ही तपासतोय.

तो रील मुलीनं 'आजी आणि यंत्र' अशा नावानं टाकला. दोन दिवसांत तो सगळीकडे पसरला. शाळेच्या शिक्षक-खोलीत मी चहा घेत असताना पलीकडच्या टेबलावरून माझ्या आईचा आवाज आला, "पाऊस कुनी मागितला तुला, भवाने?" आणि सगळे हसायला लागले. एक सहकारी म्हणाला, "सर, आई लईच भारी हो तुमची." मला अभिमान वाटला. त्या हसण्यात मी सामील झालो, वर घरातले आणखी दोन किस्से सांगितले, आणि सांगताना आईची नक्कलही केली. चांगली जमली. सगळ्यांनी पुन्हा करायला लावली.

आईलाही सुरुवातीला मजा वाटली, हे खोटं नाही. रील बघून ती पदर तोंडाला लावून हसली, आणि आपण जाड दिसतोय म्हणाली. संध्याकाळी नातीला शेजारी बसवून विचारायची, "काय काय लिवलंय लोकांनी? वाच की." मुलगी वाचायची. 'आजी रॉक्स.' 'अशीच माझी आजी होती.' 'आजीला लई प्रेम.' आई प्रत्येकाला मान डोलवायची, जणू ती माणसं समोर येऊन बोलत होती.

एका संध्याकाळी मी पेपर तपासत बसलो होतो. दोघी नेहमीसारख्या सोफ्यावर. मुलगी वाचत होती आणि आई एकदम म्हणाली, "थांब. आंगटा लई जोरात पळीवलास की. तितं काय लिवलं हुतं?"

"काही नाही गं आजी. हसरे चेहरे होते नुसते."

"आन लिवलेलं?"

"काही नाही."

आईनं नातीच्या हातातून फोन घेतला. ती चौथीपर्यंत शिकलेली. सावकाश वाचते, ओठ हलवत, पण वाचते. मी खाली मान घालून पेपरावर लाल पेन फिरवत राहिलो, आणि तिचे ओठ हलताना मला ऐकू येत होते. "गा-व-ठी... म्हा-ता-री..." पुढं मराठीची लाज काढल्याचं काहीतरी होतं, आणि शेवटी कुणीतरी विचारलं होतं, हिच्या मुलांनी हिला शिकवलं नाही का?

तिनं फोन परत दिला. "हितलं पोरगं तर म्हराटीचं मास्तर हाय," असं म्हणून ती हसली आणि भाकऱ्या थापायला उठली.

तेव्हा मी उठायला हवं होतं. स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी बोलायला हवं होतं. मला वाटलं, ती हसली, म्हणजे तिनं मनावर घेतलं नाही. खरं सांगायचं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं, कारण पेपर उद्या द्यायचे होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी शाळा एक दिवस लवकर सुटली. ऊन असं की जिन्याच्या कठड्याला हात लावता येत नव्हता. मी तिसऱ्या मजल्यावर आलो, किल्ली काढली, आणि आतून आवाज आला म्हणून थांबलो.

"आज पाणी येणार आहे का?"

आवाज आईचा होता, पण मला क्षणभर ओळखू आला नाही. शाळेत नवीन आलेली मुलगी फळ्यासमोर उभी राहून बोलते तसा, सपाट, एकेक शब्द सुटा सुटा.

"आज सोलापुरात पावसाची शक्यता नाही," यंत्र म्हणालं.

"नळाला. पाणी. येणार आहे. का?"

"मला त्याबद्दल माहिती नाही."

 आणि मग यंत्राला नाही, स्वतःशीच: "पाणी. पाणी. आहे. नाही. इथे. तिथे. कुठे." मग परत पहिल्यापासून. 'कुठे'ला ती अडखळत होती. 'कुटं' यायचं, ती थांबायची, घसा साफ करायची आणि पुन्हा म्हणायची.

मी दार उघडू शकलो नाही. किल्ली हातात धरून तसाच उभा राहिलो. वर्गात मुलं चुकतात तेव्हा मी त्यांना हेच करायला लावतो, दहा वेळा म्हणा, जीभ वळेल. आत माझी आई सत्तरीच्या वयात दुपारी एकटी बसून तिची जीभ वळवत होती, आणि तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. निदान मोठ्यानं कुणी सांगितलं नव्हतं. मी आलो तसा खाली उतरलो, कोपऱ्यावरच्या रसवंतीत जाऊन बसलो आणि रोजच्या वेळेला घरी आलो. आईनं दार उघडलं आणि म्हणाली, "आलास का? चहा ठेवते."

'च्या' नाही. चहा.

बायकोला मी रात्री जेवताना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुपारी आत का गेला नाहीस, असं तिनं विचारलं असतं.

पुढच्या महिन्यात मंद्रूपला मावशीच्या नातवाचं बारसं निघालं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तीही त्याच गावात दिलेली. आम्ही चौघंही गाडीनं गेलो. घरासमोर मांडव, आत पाळणा फुलांनी सजवलेला, बायकांची ही गर्दी. आई आत शिरताच एकच गलका झाला. सगळ्यांनी रील बघितला होता. गावाच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवर, सगळीकडे तो फिरून आला होता.

आई पाळण्याजवळ गेली आणि बाळाला बघून म्हणाली, "किती गोड आहे! इकडे आणा बरं त्याला."

 मग मावशीनं कपाळावर हात मारला. "आगं बया! इकडे आणा म्हनं! कोन गं तू? आक्का कुटं सोडून आलीस आमची?"

सगळ्या हसल्या. दुसरी एक म्हणाली, "सोलापूरची सायबीन झाली की ही. टीव्हीत जायाचं आसंल." तिसरी म्हणाली, "त्ये ऱ्हाऊ द्या, त्ये पान्याचं करून दावा, भवाने म्हनतीस बग त्ये." आणि मग सगळ्यांनीच धरलं, दाव की, दाव की.

मी पुरुषांच्या बाजूला, दाराशी उभा होतो. तिथून आईचा चेहरा दिसत होता. ती इकडेतिकडे बघत होती. मला वाटतं ती मला शोधत होती. मी फोन कानाला लावला. फोन आलेला नव्हता.

मग आईनं ते करून दाखवलं. आपलंच बोलणं, नक्कल केल्यासारखं. "पाऊस कुनी मागितला तुला, भवाने?" रीलमध्ये होतं तसंच, चिडून. मावशीनं टाळ्या वाजवल्या, हसता हसता बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या.

परतीच्या वाटेवर वडकबाळचा पूल आला. सीना नदीत पाणी नव्हतं, नुसती वेडी बाभूळ. मी म्हणालो, "आई, मावशीचं काय मनावर घेऊ नकोस. चेष्टा करते ती."

"तिचं न्हाय घेतलं मनावर." कित्येक आठवड्यांनी तिच्या तोंडून 'न्हाय' आलं होतं. "ती ल्हानपनापासून तशीच हाय."

"मग?"

आई खिडकीतून बाहेर बघत होती. "ती डबी हाय न्हवं. तिला माजं कळलं न्हाय तर ती काय म्हनती? माफ करा, म्हनती. मला समजलं न्हाय, म्हनती. आपल्याला कळत न्हाय ही तिची चूक, आसं म्हनती. तुमाला कळतंय समदं, तरी तुमी मलाच म्हनता, आसं न्हाय म्हनायचं, आई."

गाडी मीच चालवत होतो, त्यामुळे मागं वळून बघता येत नव्हतं. ते बरं झालं.

मागच्या सीटवर आईशेजारी बसलेली मुलगी रडायला लागली. "आजी, मी काढून टाकते तो रील. आत्ताच काढते. बघ, काढला."

आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "काढलास म्हंजी गेला व्हय? भजनी मंडळाच्या समद्या बायकांच्या फोनात हाय की. ऱ्हाऊ दे. तुजी चूक न्हाय. तू पोर हाईस."

कुणाची चूक आहे हे ती बोलली नाही. घर येईपर्यंत मी वाट बघत होतो की ती बोलेल. बोलली असती तर मला माफी मागता आली असती.

घरी आल्या आल्या मी स्पीकरची वायर काढून तो कपाटात टाकला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर तो पुन्हा टीव्हीशेजारी लावलेला, निळा दिवा चालू. "तिनं काय केलं आहे?" आई म्हणाली. "राहू दे तिला. दुपारी गाणी लावते ती माझ्यासाठी."

आहे. राहू दे. माझ्यासाठी. सगळं बरोबर.

मग मी एक मूर्खपणा केला. मला वाटलं, आपणच तिच्यासारखं बोललो तर तिचं बोलणं परत येईल. मीही मंद्रूपचाच. दहावीपर्यंत मी 'हितं, तितं' असंच बोलत होतो. रविवारी सकाळी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "आई, लई उकडतंय की गं आज. कूलर लावू का? कुटं ठिवलाय?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मग तिला हसू आलं, खरंखुरं. "गॅदरिंगच्या नाटकातल्या गड्यासारखा बोलतोस. राहू दे. तुला नाही येत आता."

मला वाटलं होतं, ते बोलणं माझ्या आत कुठंतरी तसंच ठेवलेलं असेल, हवं तेव्हा काढता येईल. तोंडातून निघालं ते माझं नव्हतंच. शिक्षक-खोलीत मी तिची जी नक्कल केली होती, अगदी तीच होती ती. सूरसुद्धा तोच.

त्यानंतर घरात एक विचित्र शांतता आली. भांडण नव्हतं. आई सगळ्यांशी नीट बोलायची. फारच नीट बोलायची. "जेवण तयार आहे." "तू दमला असशील." पाहुण्यानं बोलावं तसं. आणि कमी. दारातच सुरू होणारं तिचं बोलणं बंद झालं. मला बूट शांतपणे काढता यायला लागले. हेच तर मला हवं होतं.

बायकोला आता सगळं सांगून झालं होतं. ती म्हणाली, "माफी माग सरळ." मी मागितली. आई म्हणाली, "अरे, त्यात काय एवढं?" आणि ताटात आणखी एक भाकरी वाढली. तिनं माफ केलं होतं, पण प्रमाण मराठीत.

उन्हाळा संपत आला तेव्हा एका संध्याकाळी मी जिना चढत होतो. दुसऱ्या मजल्यावर शहराच्या पूर्वभागातून, विणकरांच्या वस्तीतून राहायला आलेलं एक तेलुगू कुटुंब आहे. घरात पूर्वी माग होते, आता मुलगा नोकरी करतो. त्यांची आजी माझ्या आईच्या वयाची, मराठी मोडकंतोडकं. संध्याकाळी वारा सुटला की ती दार उघडं टाकून जिन्याच्या पायरीवर बसते. त्या दिवशी जिन्याच्या वळणावर मला हसणं ऐकू आलं. मोठं, गडगडाटी, मंद्रूपच्या बाजारात ऐकू यायचं तसं. माझी आई हसत होती.

"...आन म्या म्हनलं, आरं मुडद्या, म्हस इकायला आलाईस का सोयरीक जमवायला? त्यो म्हनतोय, दोनी!"

"अवुना?" ती आजी म्हणाली. खरं की काय, असं. "मग? मग काय केलं अक्का?"

"काय करनार? म्हस घेतली, त्याला हाकलला!"

दोघी पुन्हा हसल्या. आजी तेलुगूत काहीतरी लांबलचक बोलली, मध्येच "नवरा" आणि "येडा" एवढेच शब्द मला कळले. आईला मात्र सगळं कळल्यासारखं ती "व्हय व्हय, समदे आसलेच" म्हणाली. ती गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती. म्हैस कुठली, सोयरीक कुणाची, मला काही माहीत नव्हतं. कदाचित तिनं ती मला दारात सांगितलीही असेल, आणि मी 'हं' म्हणालो असेन.

मी वळण चढून वर गेलो. आईनं मला बघितलं आणि हसणं थांबवलं. पदर नीट केला.

"आलास?" ती म्हणाली. "काही हवं आहे का?"

"काही नको," मी म्हणालो.

वर जावं की नाही ते कळेना. ती आजी बाजूला सरकली, पायरीवर हात थोपटून म्हणाली, "रा, कूर्चो. बस की मास्तर." तिच्या मांडीवर भाजलेल्या शेंगांची पिशवी होती. तिनं मूठभर माझ्या हातात ठेवल्या.

मी दोन पायऱ्या खाली, भिंतीला टेकून बसलो. बॅग पायाशी ठेवली. फोन बॅगेतच राहू दिला. तिघंही शेंगा सोलायला लागलो. 

"अक्का," आजी म्हणाली, "म्हस... मग दूध दिली?"

आईनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी शेंगांकडे बघत होतो.

"कशाचं दूद," ती म्हणाली, जरा दबक्या आवाजात. मग जरा मोठ्यानं, "फसीवलं की मेल्यानं. भाकड निगाली. आगं, मी दावं सोडून तिला तशीच चालवत नेली त्याच्या दारात, भर दुपारची, समदं गाव बगतंय..."

तिचे हात हलायला लागले. आवाज चढला. एका शब्दाला ती माझ्याकडे न बघता पुढे गेली, मग दुसऱ्या शब्दाला, मग तिला मी तिथं असल्याची आठवणच राहिली नसावी. मला हसू येत होतं, विचारायचं होतं, मग पुढं काय झालं? पण मी तोंड उघडलं नाही.